लिंबाचे पान पिवळे का पडले? नाशिकमधील एका माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेचा अनुभव

दिंडोरी रोडच्या बाजूला असलेल्या ज्या खासगी प्रयोगशाळेविषयी मी लिहीत आहे, तिथे मुख्यतः पिंपळगाव, ओझर, निफाड आणि दिंडोरी भागांतील द्राक्षबागाईतदार माती, पाणी आणि पानदेठाचे नमुने घेऊन येतात. गच्चीवर एक लिंबू, चार गुलाब आणि मांडवावर चढवलेली एक द्राक्षवेल एवढीच शेती असलेल्या माझ्यासारख्या बाईने तिथे जाणे मला आधी संकोचाचे वाटले होते. प्रयोगशाळेचे नाव येथे देत नाही, कारण नाशिक जिल्ह्यात अशी सेवा देणाऱ्या प्रयोगशाळा अनेक आहेत आणि मला सांगायचे आहे ते या सेवेच्या पद्धतीविषयी: घरगुती झाडाच्या पिवळ्या पानाचे निदान तिथे कसे होते, त्यात काय खरोखर चांगले आहे आणि कुठे कमी पडते.

आमचे कागदी लिंबाचे झाड दोनशे लिटरच्या अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये आहे. फेब्रुवारीत त्याला नवी पालवी फुटली ती पिवळीच. खालची जुनी पाने गर्द हिरवी, आणि शेंड्याकडची कोवळी पाने फिकट लिंबासारखी. त्यांत शिरा मात्र हिरव्या रेषांनी आखल्यासारख्या स्पष्ट दिसत होत्या. मी पानाचा फोटो काढून बागकामाचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानात दाखवला. दुकानदाराने मोबाइलवर फोटो पाहिला, अर्ध्या मिनिटात ‘मॅग्नेशियम कमी आहे’ असे सांगितले आणि मॅग्नेशियम सल्फेट, १९:१९:१९ हे (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले) विद्राव्य खत आणि एका टॉनिकची बाटली बांधून दिली. महिनाभर मी ते सगळे नेमाने दिले. पालवी आणखी पिवळी झाली आणि जुन्या पानांची टोके करपू लागली.

या चुकीबद्दल त्या दुकानदारावर मी फार रागावत नाही, कारण शिरांमधला भाग पिवळा आणि शिरा हिरव्या हे चित्र मॅग्नेशियमच्या कमतरतेतही दिसते आणि लोहाच्या कमतरतेतही दिसते. फरक आहे तो झाडावर ते कुठे दिसते यात. नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाड जुन्या पानांतून काढून नव्या वाढीकडे नेऊ शकते. म्हणून त्यांची टंचाई आधी खालच्या पानांवर उमटते. लोह, मँगनीज, कॅल्शियम, बोरॉन ही एकदा पानात बसली की सहसा हलत नाहीत. म्हणून त्यांची टंचाई शेंड्याला दिसते. फक्त एका पानाचा फोटो पाहणाऱ्याला ते पान फांदीवर कितव्या जागी होते हे कळत नाही, आणि तेच कळले नाही तर निम्मे निदान तिथेच चुकते.

दुसरी चूक माझी स्वतःची होती. टोरंटोत राहणाऱ्या माझ्या भाच्याने मला पानांच्या रंगांचा एक सचित्र तक्ता पाठवला होता. त्या तक्त्यातली पाने पंज्यासारखी, सात-सात बोटांची होती. म्हणजे तो भांगेच्या झाडाचा तक्ता होता. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशपातळीवरील कायद्याने एका घरात चार झाडांपर्यंत लागवडीला परवानगी आहे आणि तिथे घरी झाडे वाढवणाऱ्या लोकांनी पानांच्या विकारांची बारकाईने छायाचित्रे काढून असे तक्ते तयार केले आहेत. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्याशिवाय भांगेचे झाड लावणे हा गुन्हा आहे, त्यामुळे त्या झाडाचा आणि माझा काही संबंध येत नाही; पण तक्ता मला उपयोगी वाटला, आणि जुने पान-नवे पान हा भेद मला प्रथम त्यातच नीट समजला. तो भेद सगळ्याच झाडांना लागू आहे, भांगेला असो की लिंबाला.

चूक झाली ती उपायाच्या रकान्यात. त्या तक्त्यामागची झाडे बहुधा घरात, दिव्याखाली, कोकोपीट किंवा पीटच्या मिश्रणात वाढवलेली असतात. त्यांच्या मुळांशी पीएच (आम्लतेचे माप; ७ च्या खाली आम्लधर्मी, वर विम्लधर्मी) ६ च्या आसपास राखलेला असतो आणि पाणी मऊ किंवा यंत्रातून गाळलेले असते. तिथे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बाटलीतून द्यावेच लागते, कारण पाण्यात ते नसतेच. तिथे ईडीटीए प्रकारचे चिलेटेड लोहही, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून एका सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले लोह, व्यवस्थित काम करते. मी तसेच पिवळट भुकटीचे, १२ टक्के लोहाचे ईडीटीए आणून लिंबाला दिले. आठ दिवस वाट पाहिली, पंधरा दिवस वाट पाहिली, पानाने ढिम्म रंग बदलला नाही. का बदलला नाही याचे उत्तर मला एप्रिलमध्ये प्रयोगशाळेत मिळाले.

तिथे नमुने स्वीकारणारी मुलगी कृषी पदवीधर होती. मी माझी पिशवी पुढे करण्याआधीच तिने विचारले, “काकू, झाडाला पाणी कुठलं घालता?” गच्चीवरच्या टाकीत बोअरवेलचे पाणी चढते आणि महापालिकेचे पाणी फक्त सकाळी खालच्या नळाला येते, हे मी सांगितले. तिचा दुसरा प्रश्न माती कुठून आणली हा होता. ती ओझरजवळच्या नातेवाइकांच्या शेतातील होती. विहीर खोल करताना निघालेल्या मातीतली, दिसायला काळी आणि कसदार. मुलीने माझ्या पिशवीतून चिमूटभर माती काचेच्या बशीत घेतली आणि ड्रॉपरने सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब सोडले. माती सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली. मातीतले पांढरे बारीक खडे, ज्यांना मी इतकी वर्षे वाळूचे खडे समजत होते, ते चुनखडीचे होते आणि बुडबुडे त्यांच्याभोवती सर्वांत जास्त येत होते. या एका दृश्यासाठीही मी तिथे पुन्हा गेले असते. शंका असेल त्यांनी घरी मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाकून पाहावे. चुनखडी बऱ्यापैकी असेल तर तेही फसफसते.

मी वेलीच्या पानदेठाचीही तपासणी करून घ्यायच्या विचाराने मूठभर द्राक्षाची पाने नेली होती. ती त्यांनी परत केली, आणि का परत केली हे सांगितले, म्हणून या जागेवर माझा विश्वास बसला. द्राक्षाचे देठ परीक्षण वाटेल तेव्हा, वाटेल त्या पानाचे होत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नव्या काड्या येण्यासाठीची छाटणी) साधारण ४५ दिवसांनी काडीच्या तळापासून पाचव्या पानाचे देठ घ्यायचे असते. गोडी छाटणीनंतर (फळांसाठीची छाटणी) फुलोऱ्याच्या वेळी घडासमोरच्या पानाचे. प्रमाणके त्या टप्प्यासाठी आणि त्या पानासाठी ठरवलेली आहेत, म्हणून चुकीच्या वेळचे देठ यंत्रात घातले तर आकडा येईल, पण तो कशाशी ताडून पाहायचा हे कोणालाही सांगता येणार नाही. शिवाय नमुन्याला बागेत फिरून गोळा केलेले बरेच देठ लागतात. मांडवावरच्या एका वेलीचे तेवढे देठ काढले तर वेल उघडी पडेल. लिंबाच्या पानांचेही परीक्षण होऊ शकते, पण तुमचा प्रश्न माती आणि पाणी यांतूनच सुटेल असे मला वाटते, तेवढेच करा, असे त्या मुलीने सांगितले. माझ्याकडून ती सहज आणखी हजार रुपये घेऊ शकली असती.

नमुना घेण्याची पद्धतही त्यांनी लिहून दिली आणि माझा पहिला नमुना नाकारला. मी माती खताच्या रिकाम्या पिशवीत भरून नेली होती आणि ती लोखंडी खुरप्याने उकरली होती. ज्या मातीतले लोह मोजायचे आहे ती गंजक्या खुरप्याने काढायची नाही आणि खताच्या पिशवीला तर हातही लावायचा नाही, हे ऐकल्यावर अगदी साधे वाटते, पण मला सुचले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी ड्रमच्या वरच्या थराचा पालापाचोळा बाजूला करून, पंधरा-वीस सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती प्लास्टिकच्या पट्टीने चार ठिकाणांहून काढली, सावलीत वाळवली आणि अर्धा किलो स्वच्छ कापडी पिशवीत दिली. पाणी प्लास्टिकच्या बाटलीत, बोअरची मोटार दहा मिनिटे चालवल्यानंतर, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून, काठोकाठ भरून नेले. सूक्ष्म अन्नद्रव्यांसह मातीचे ९०० रुपये आणि पाण्याचे ५०० रुपये घेतले. चार दिवसांत अहवाल देऊ म्हणाले होते, सहाव्या दिवशी दिला.

अहवालात मातीचा पीएच ८.१ होता, मुक्त चुना (चुनखडी) ११ टक्के होता आणि डीटीपीए या रसायनाने मातीतून काढून मोजलेले उपलब्ध लोह ३.२ पीपीएम (दहा लाखांत भाग) होते; लोहासाठी ४.५ च्या खाली कमतरता धरली जाते. जस्त ०.८ होते, म्हणजे ०.६ या किमान पातळीच्या जरा वर. उपलब्ध स्फुरद मात्र अत्यंत जास्त निघाले, आणि ते कुठून आले हे मला ओळखता आले: दर पावसाळ्यात हाडांचा चुरा, वर्षभर विद्राव्य खत, आणि शेवटी ते १९:१९:१९. स्फुरदाचा असा साठा लोह आणि जस्ताच्या शोषणात आणखी अडथळा आणतो. म्हणजे पिवळ्या पानावर मी जो उपाय महिनाभर करत होते, तो झाडाच्या दुखण्यात भरच घालत होता. टोके का करपली तेही येथे समजले: मातीचा ईसी (विद्राव्य क्षारांचे माप) ०.९ होता, जो शेतात चालून जातो, पण कुंडीत विद्राव्य खतांचा मारा करून माती कोरडी पडू दिली की मुळांशी क्षारांची तीव्रता त्याहून पुष्कळ वाढते.

पाण्याचा अहवाल मला अधिक महत्त्वाचा वाटला. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट (पीएच वर धरून ठेवणारा विरघळलेला क्षार) लिटरला ७.५ मिलीइक्विव्हॅलंट होते आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून ६.४. त्यामुळे अवशिष्ट सोडियम कार्बोनेट, म्हणजे या दोन आकड्यांतला फरक, १.१ येते, जे १.२५ या सुरक्षित मर्यादेच्या आत आहे. अहवालावर त्याप्रमाणे ‘सिंचनास योग्य’ असा शिक्का होता. येथे मात्र अहवाल नुसता वाचून चालत नाही. हे पाणी जमिनीचा पोत बिघडवणार नाही एवढाच त्या शिक्क्याचा अर्थ आहे. एवढे बायकार्बोनेट रोज ड्रममध्ये ओतत राहिले तर मुळांभोवतीचा पीएच खाली येऊच शकत नाही आणि मातीत लोह असूनही ते झाडाला घेता येत नाही. नाशिकच्या काळ्या जमिनी बेसाल्ट खडकापासून झालेल्या आहेत; त्यांत एकूण लोह भरपूर असते. झाड उपाशी राहते ते लोह नसल्यामुळे नव्हे, लोह अविद्राव्य होऊन बसल्यामुळे. ऊस लावणारे शेतकरी ज्याला केवडा म्हणतात तो पिवळा-पांढरा रंग चुनखडीच्या रानात याच कारणाने येतो.

माझे पिवळट भुकटीचे लोह का वाया गेले, तेही त्या मुलीने समजावले. ईडीटीए लोहाला साधारण ६.५ पीएचपर्यंतच नीट धरून ठेवते. त्याच्या वर, त्यातही चुनखडीच्या मातीत, ते लोह सोडून कॅल्शियमला धरते. डीटीपीए (तेच रसायन लोह धरायलाही वापरतात) त्यापेक्षा थोडे वरपर्यंत टिकते. आठच्या पुढे पीएच असलेल्या मातीत उपयोग होतो तो ईडीडीएचए प्रकारच्या लोहाचा. त्याचे काळपट तांबडे दाणे येतात, लोह त्यात ६ टक्केच असते, किंमत कितीतरी जास्त असते, आणि पाण्यात टाकले की पाणी कोकमाच्या आगळासारखे लालभडक होते. प्रयोगशाळेत खते विकायला ठेवलेली नाहीत. कोणत्या कंपनीचे घ्या हेही त्यांनी सांगितले नाही, फक्त पाकिटावर काय छापलेले पाहायचे ते सांगितले. निदान करणारा आणि औषध विकणारा वेगळा असावा, ही गोष्ट मला या सेवेत सर्वांत मोलाची वाटते.

मी गंधकाविषयीही विचारले, कारण पीएच कमी करायला गंधक टाका, मातीत त्याचे आम्ल होते, असे सगळीकडे वाचले होते. तिने कागदावर हिशेब करून दाखवला. ड्रममध्ये माती सुमारे १०० किलो, तिच्यात चुना ११ टक्के, म्हणजे ११ किलो. १०० भाग चुन्याला ३२ भाग गंधक लागते, म्हणजे सगळा चुना संपवायला साडेतीन किलो गंधक एका झाडाच्या ड्रमात घालावे लागेल, आणि तोवर झाड जिवंत राहणार नाही. चिमूटभर गंधकाने काही बिघडत नाही, पण चुना शिल्लक आहे तोवर एकूण मातीचा पीएच हलत नाही. माझ्याजवळच्या गंधकाच्या पुड्याला मी तेव्हापासून हात लावलेला नाही.

तिने सांगितलेली आणखी एक चाचणी मी घरी केली आणि ती प्रत्येकाने करावी असे मी मनापासून सुचवते. अर्धा लिटर पाण्यात अडीच ग्रॅम फेरस सल्फेट (लोहाचा साधा क्षार) आणि चिमूटभर लिंबूसत्त्व विरघळवून, ते ताजे असतानाच, संध्याकाळी, एका पिवळ्या पानाच्या मधल्या शिरेच्या डावीकडच्या अर्ध्या भागावर रंगाच्या ब्रशने लावायचे आणि उजवा अर्धा भाग तसाच ठेवायचा. आठव्या दिवशी त्या पानाच्या डाव्या बाजूवर हिरवे ठिपके आले होते, काही एकमेकांत मिसळून त्यांचे मोहरीएवढे पट्टे झाले होते. उजवी बाजू होती तशी पिवळी होती. लोहाचीच कमतरता होती, याचा याहून सरळ पुरावा मला नको होता.

गुलाबाचे प्रकरण वेगळे निघाले आणि ते सांगणे आवश्यक आहे, कारण तिथे कोणत्याही अन्नद्रव्याचा दोष नव्हता. गुलाबाची पाने बारीक ठिपक्यांनी फिकट, काहीशी तांबूस झाली होती आणि मी तीही लोहाच्याच खात्यात जमा केली होती. मुलीने पान पांढऱ्या कागदावर झटकले आणि भिंग हातात दिले. मिठाच्या कणांएवढे ठिपके कागदावर चालत होते. लाल कोळी होते ते. एप्रिलच्या कोरड्या उन्हात ते झपाट्याने वाढतात. जोरदार पाण्याने पानांची खालची बाजू सलग काही दिवस धुवा, एवढाच सल्ला मिळाला, पैसे घेतले नाहीत, आणि माती तपासायला नेलेली गुलाबाची पिशवी तशीच परत आणली.

लिंबाला मी मे महिन्यात ईडीडीएचए लोह १० ग्रॅम, दहा लिटर पाण्यात, उन्हे उतरल्यावर मुळांशी दिले, कारण उजेडात ते विघटित होते. स्फुरद असलेले प्रत्येक खत बंद केले. ड्रमसाठी खालच्या नळाचे पाणी बादलीने वर नेऊ लागले; गंगापूर धरणातून येणाऱ्या त्या पाण्याचीही नंतर तपासणी करून घेतली, तेव्हा बायकार्बोनेट १.८ निघाले. जूनमधली पालवी हिरवी आली. यात जूनच्या पावसाचाही वाटा आहे, कारण पावसाच्या पाण्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसतेच आणि त्याने ड्रममधले क्षारही धुऊन नेले. म्हणून सगळे श्रेय लाल दाण्यांना देणे योग्य होणार नाही.

आता उणिवा. अहवाल संगणकावरून निघतो आणि त्यातील शिफारशी एकरी किलोत छापलेल्या असतात. माझ्या अहवालात स्फुरद ‘अत्यंत जास्त’ असे एका पानावर होते आणि पुढच्याच पानावर सिंगल सुपर फॉस्फेट या स्फुरदाच्याच खताची एकरी मात्रा दिलेली होती. छापील नमुन्यातली ती ओळ कोणी काढली नव्हती. जाणकार बागाईतदार ती स्वतः खोडेल, पण माझ्यासारखी नवखी व्यक्ती तेवढेच वाचून खत आणायला निघेल. पाण्याच्या ‘योग्य’ शिक्क्याबद्दल वर लिहिलेच आहे. बायकार्बोनेटच्या आकड्याशेजारी कुंडीतील आणि चुनखडीच्या मातीतील झाडांसाठी वेगळी सूचना हवी. खरड छाटणीनंतर आणि गोडी छाटणीनंतरच्या दिवसांत तिथे देठांच्या नमुन्यांची इतकी गर्दी असते की आपल्याशी पाच मिनिटे बोलायला कोणी मोकळे नसते. घरच्या झाडांसाठी जाणाऱ्यांनी ते आठवडे टाळावेत आणि सकाळी लवकर जावे.

घरगुती कुंड्यांसाठी प्रति कुंडी ग्रॅममध्ये मात्रा सांगणारे एक वेगळे पान अहवालाला जोडावे, अशी विनंती मी त्यांच्या नोंदवहीत लिहून ठेवली आहे. ते पान अजून निघालेले नाही. तोवर माझ्या अहवालाच्या पाठीमागे त्या मुलीने पेनने लिहिलेल्या चार ओळी आहेत: नळाचे पाणी, स्फुरद बंद, लाल लोह दहा ग्रॅम, आणि ‘काकू, खुरपे लोखंडी नको.’